आधी मोज, मग जोड

करंजाडे, पनवेल
१० जानेवारी २०२६

प्रिय भाचीबाई,



तुझं सर्किट बरोबर होतं. बाकीचं सगळं नंतर, आधी हे सांगते. जेवणाच्या टेबलावर तू सोडून गेलेला बोर्ड मी दुसऱ्या दिवशी मीटरवर घेतला. लेझर डायोडच्या जागी लोड लावला, जुन्या बेंच सप्लायवरून ९ व्होल्ट दिले आणि अर्धा तास चालू ठेवला. एलएम ३१७ रेग्युलेटरचे १.२५ व्होल्ट आणि ८.२ ओहमचा रेझिस्टर, म्हणजे हिशेबाने १५२ मिलिअँपिअर यायला हवेत. मीटरवर १५१ आले आणि तिथेच राहिले. रात्री एक वाजता, रागावलेली असताना, कुणालाही न विचारता तू हे केलंस. तळोजा एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षं पॉवर सप्लाय तपासत होते. नव्या मुलांचे बोर्ड माझ्याकडे यायचे. तुझ्या वयात इतका नीट डाग दिलेला बोर्ड मी क्वचित पाहिलाय.

मग डायोड का गेला? एक नाही, दोन गेले. आणि "भंगारवाल्यानं फसवलं" म्हणत तू सकाळच्या गाडीने निघून गेलीस. भंगारवाल्याने फसवलं नाही गं. दोन्ही डायोड चांगले होते. ते का गेले हे मी त्याच रात्री शेजारी बसून सांगायला हवं होतं. गच्चीवर चार माणसांदेखत तुला ओरडले आणि खाली येऊन मीही गप्प बसले, हे माझं चुकलं. म्हणून हे पत्र. तुझ्यासारखी पुष्कळ मुलं जुन्या डीव्हीडी रायटरमधून डायोड काढून हाच खेळ करतात. म्हणून हे पत्र छापूनही देते आहे, त्यांनाही वाचू दे.

पहिल्या डायोडचं आधी सांगते. दोन नवे पेन्सिल सेल आणि २.२ ओहमचा रेझिस्टर, एवढ्यावर तू तो पेटवला होतास. दोन नव्या सेलचे मिळून ३.२ व्होल्ट, डायोडवर पडतात साधारण अडीच. उरलेले ०.७ व्होल्ट रेझिस्टरवर आणि सेलच्या आतल्या रोधावर. भागाकार केलास तर २८० मिलिअँपिअरच्या आसपास उत्तर येतं. हेच आधी त्या डायोडला जास्त. त्यात डायोड तापला की त्याच्यावरचं व्होल्टेज उतरतं. ते ०.१ व्होल्टनं उतरलं की करंट ४० मिलिअँपिअरनं चढतो. करंट चढला की डायोड आणखी तापतो, तापला की व्होल्टेज आणखी उतरतं. हे चक्र सुरू झालं की सेलला ते थांबवता येत नाही. बल्बचं उलट असतं. तार तापली की तिचा रोध वाढतो, बल्ब आपलं आपण सांभाळतो. म्हणून बल्बला व्होल्ट विचारायचे आणि लेझर डायोडला मिलिअँपिअर. ड्रायव्हर म्हणजे दुसरं काही नाही: डायोड गार असो की गरम, सेल नवे असोत की उतरलेले, करंट ठरवला तेवढाच राहिला पाहिजे.

आता डायोड मरतो कसा ते बघ. डायोडच्या त्या बारीक धातूच्या डब्यातला खरा स्फटिक मोहरीपेक्षा लहान असतो. स्फटिक दोन टोकांना सरळ मोडलेला असतो आणि मोडल्यावर तयार झालेले ते दोन गुळगुळीत पृष्ठभाग हेच त्याचे आरसे. पुढच्या आरशात जिथून उजेड बाहेर येतो ती खिडकी जेमतेम १ बाय ३ मायक्रोमीटरची. माणसाचा केस सत्तरेक मायक्रोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज कर. रायटरचा लाल डायोड १०० मिलिवॅट देत असेल, तर त्या खिडकीवर दर चौरस सेंटिमीटरला तीस लाख वॅटपेक्षा जास्त भार पडतो. एप्रिलमधलं भर दुपारचं ऊन ०.१ वॅट असतं. करंट थोडा जरी वर गेला तरी तो आरसा भाजतो, आणि एकदा भाजला की दुरुस्ती नाही.

तू म्हणालीस, "पण आत्या, तो अजून लाल पेटतोय!" हो, पेटतो. तो आता एलईडी झालाय. तुला आठवतं का, संध्याकाळी भिंतीवर जो ठिपका पडला होता त्यात बारीक दाणे दिसत होते, रवा सांडल्यासारखे, आणि आपण मान हलवली की ते दाणे हलायचे? ती लेझरची खूण. सगळ्या लाटा एका तालात असतात, म्हणून भिंतीच्या खडबडीवरून परत येताना त्या एकमेकींत मिसळतात आणि कुठे उजेड, कुठे काळोख असे दाणे पडतात. गच्चीवरून खाली आल्यावर तू तोच डायोड पुन्हा लावलास तेव्हा ठिपका होता, पण सपाट, गुळगुळीत, मरगळलेला. दाणे गेले होते. ते दाणे दिसेनासे झाले की समजायचं, आरसा गेला.

हे तुलाच नाही, मोठमोठ्यांनाही जड गेलंय. अमेरिकेत रॉबर्ट हॉल यांनी १९६२ मध्ये पहिला सेमीकंडक्टर लेझर चालवला तो द्रव नायट्रोजनच्या थंडीत, शून्याखाली १९६ अंशांवर, आणि तोही क्षणभराच्या झटक्यांत. सलग चालवला असता तर स्वतःच्याच उष्णतेने जळाला असता. घरातल्या तापमानाला सलग चालणारा डायोड यायला १९७० उजाडलं. लेनिनग्राडला झोरेस अल्फेरॉव्ह आणि बेल लॅब्जमध्ये हायाशी व पॅनिश यांनी स्फटिकाचे निरनिराळे थर एकावर एक चढवून ते साधलं. अल्फेरॉव्ह यांना पुढे २००० साली नोबेल मिळालं. रायटरमधून उचकटून तू जो डबा टेबलावर ठेवलास, त्याच्यामागे ही आठ वर्षं आहेत.

आपल्या बाजूचंही सांगते, कारण तुमच्या पुस्तकात ते सापडायचं नाही. इथून पश्चिमेला, खाडीपलीकडे ट्रॉम्बे आहे. तिथल्या अणुसंशोधन केंद्रात साठच्या दशकाच्या मध्यावर गॅलियम आर्सेनाइडचा लेझर तयार झाला. त्याच्या उजेडावरून ट्रॉम्बे ते कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था, असा पंधरा-वीस किलोमीटरचा संदेशाचा दुवा त्या लोकांनी जोडून दाखवला. हॉलच्या लेझरनंतर तीन-चार वर्षांत, मुंबईच्या दमट हवेत! आणि १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्ये कार्बन डायऑक्साइड लेझर शोधणारे चंद्रकुमार नारणभाई पटेल हे बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकलेले. दारावरच्या ॲक्रिलिकच्या पाट्या कापणारी यंत्रं पाहिलीस ना, त्यातली बरीचशी त्यांच्या लेझरवर चालतात. हे काम दूरदेशीच्या कुणाचं आहे असं मनात आणू नकोस.

आता दुसरा डायोड. हा गेला त्याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण इथे सर्किट बरोबर होतं आणि चूक फक्त क्रमाची होती. तू लोड लावून करंट तपासलास, अगदी योग्य केलंस. मग बॅटरी चालू ठेवूनच लोड उपटलास आणि तिथे डायोड खोचलास. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत काय झालं ते ऐक.

लोड निघाला की करंटला जायला वाट नाही. एलएम ३१७ बिचारा आपला १५२ मिलिअँपिअरचा शब्द पाळायला बघतो, म्हणून आउटपुटचं व्होल्टेज चढवत राहतो. ९ व्होल्टच्या बॅटरीवर ते सात-आठ व्होल्टपर्यंत पोचतं. आउटपुटला तू ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला होतास. लावायला हवाच होता, तो झटके गिळतो. पण तोही तेवढ्या व्होल्टला भरून बसला. आणि मग तू अडीच व्होल्टचा डायोड त्याच्या तोंडाशी नेलास. कपॅसिटरला एलएम ३१७ ची शिस्त लागू नाही, तो सर्किटमध्ये त्याच्या पुढे बसलाय. त्याने साठवलेलं सगळं एका दमात डायोडमधून ओतलं. क्षणभर काही अँपिअर करंट गेला असणार, शंभरेक मायक्रोसेकंद. आपली पापणी लवायला पाव सेकंद लागतो. तुला एक लखलखाट दिसला आणि संपलं. नंतर मीटर लावलास तेव्हा १५२ च दाखवत होता, म्हणून तुला वाटलं की डायोडच खराब.

ब्रेडबोर्डवर तर हे हात न लावताही होतं. पाय सैल असला की जोड सुटतो, कपॅसिटर भरतो, जोड पुन्हा लागतो. म्हणून लेझर डायोड ब्रेडबोर्डवर कधीच खोचायचा नाही, डाग देऊनच जोडायचा. आणि डाग देण्याआधी त्याच्या पायांना तांब्याची एक केसासारखी तार गुंडाळून तिन्ही पाय एकत्र बांधायचे. थंडीत लोकरीचा स्वेटर घालून बसलीस तर तुझ्या बोटावरची स्थिर वीजसुद्धा त्याला पुरते. काम संपलं की तार सोडवायची.

आता गच्चीचं.

तू म्हणालीस, "आत्या, किती लांब जातो बघू या." संध्याकाळचे सात वाजले होते. पश्चिमेला एक विमान दिवे लावून उतरत होतं. तू हात वर केलास आणि मी तो हिसकावला. तुझा हेतू विमानावर मारायचा नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबरला झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं सुरू झाली. तू आलीस ती त्याच आठवड्यात. करंजाडेच्या आकाशाकडे आता पूर्वीसारखं मोकळं आकाश म्हणून बघता येत नाही.

जवळून लेझर बारीक दिसतो, लांब गेल्यावर तो तसा राहत नाही. चांगल्या भिंगातून निघालेला झोतही दर हजार मीटरला एक मीटर पसरतो असं धर. तीन किलोमीटरवर तो तीन मीटर रुंद झालेला असतो, म्हणजे वैमानिकाची अख्खी काच भरून टाकण्याएवढा. त्या काचेवरच्या बारीक ओरखड्यांवर तो विखुरतो आणि समोरचं सगळं एकदम लाल होतं. वैमानिकाचे डोळे अंधाराला सरावलेले, विमान उतरणीला लागलेलं, धावपट्टी शोधायचे तेच काही क्षण. त्या क्षणी पाच सेकंद दिसेनासं होणं म्हणजे काय, तूच विचार कर. विमानावर लेझर मारणं हा कायद्याने गुन्हा आहे. तो नसता तरी मी हात धरला असता. आपल्या शेजारची माणसं या विमानतळासाठी घर, शेत, गावदेवी सोडून वडघर-करंजाडेच्या प्लॉटवर राहायला आली. इतकी किंमत मोजून उभं राहिलेल्या त्या धावपट्टीवर सुखरूप उतरणाऱ्या माणसाला आपल्या गच्चीवरून धोका जाता कामा नये.

दुसरं कारण तुझे डोळे. रायटरचा डायोड हा खेळण्यातला पॉइंटर नाही. पॉइंटर ५ मिलिवॅटपर्यंतचा असावा लागतो, हा त्याच्या वीसपट आणि वर. डोळ्याचं भिंग समांतर झोत पडद्यावर एका बिंदूत गोळा करतं, बुबुळावर पडतो त्याच्या लाखभर पट दाट करून. ५ मिलिवॅटच्या आतबाहेर असेल तर पापणी लवते आणि बहुधा निभावतं. १०० ला पापणी पोचेपर्यंत डाग पडलेला असतो आणि तिथे नजर परत येत नाही. २०२३ च्या विसर्जन मिरवणुकीनंतर नाशिकच्या नेत्रतज्ज्ञांकडे अशीच पडद्याला इजा झालेली तरुण मुलं आली होती. २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी मिरवणुकीतल्या लेझरवर बंदी घातली. गॉगल घातला की झालं असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. उन्हाचा गॉगल इथे काही कामाचा नाही, त्या त्या रंगाच्या लेझरसाठी वेगळा चष्मा मिळतो. आणि रायटरमध्ये लाल डायोडच्या शेजारी सीडीचा दुसरा डायोड असतो, ७८० नॅनोमीटरचा. तो मिणमिणता तांबूस दिसतो, कारण आपल्या डोळ्याला तो जवळजवळ दिसतच नाही. झोत मात्र पुरा असतो आणि पापणीला पत्ताही लागत नाही. त्याला हात लावायचा नाही, लावणार नाहीस असं मला कळव.

संक्रांतीचा तिळगूळ पाठवते आहे, त्याच खोक्यात एक पिशवी आहे. काल हार्बरने कुर्ला, तिथून दादर, तिथून ग्रँट रोड असं करत लॅमिंग्टन रोडला जाऊन आले. तिथला दुकानदार अजून मला ओळखतो. पिशवीत ५ मिलिवॅटचे लाल डायोड आहेत, पितळी घरात बसवलेले, भिंगासकट. पितळ उष्णता ओढून घेतं. शिकायला हेच घे. याला ४० मिलिअँपिअरच्या वर जाऊ द्यायचं नाही.

सर्किट तुझंच, दोन बदलांसह. पहिला बदल: करंट ठरवायला ३३ ओहमचा कायम रेझिस्टर आणि त्याच्या ओळीत १०० ओहमचा पॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर. नुसता पॉट ठेवलास आणि तो फिरून शून्यावर गेला तर १.२५ भागिले शून्य, मग एलएम ३१७ त्याच्याकडे असेल तेवढं सगळं देईल. ३३ ओहम मध्ये असला की पॉट कुठेही फिरव, ३८ मिलिअँपिअरच्या पुढे जाणार नाही आणि खाली ९ पर्यंत येईल. दुसरा बदल: कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा कर आणि त्याच्या दोन पायांवर १० किलोओहमचा रेझिस्टर टाक. स्विच बंद केल्यावर तो कपॅसिटरला रिकामा करेल. लेझर डायोडला उलटा समांतर एक ४००७ रेक्टिफायर डायोड लाव, बॅटरी चुकून उलटी लागली तरी धक्का त्याच्यावर जाईल. बॅटरी ९ व्होल्टचीच वापर. मोबाइलचा चार्जर नको. त्याचे ५ व्होल्ट इथे पुरत नाहीत आणि चालू होताना तो झटका देतो.

लोड म्हणजे तीन ४००७ ओळीत आणि त्यांच्या ओळीत १ ओहमचा रेझिस्टर. तिन्हींवर मिळून २.२ व्होल्टच्या जवळपास पडतात, म्हणजे सर्किटला वाटतं लेझरच लागलाय. त्या १ ओहमवर मीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजला ठेव. जेवढे मिलिव्होल्ट तेवढे मिलिअँपिअर. पॉट सगळ्यात खाली ठेवून सुरू कर, ३० वर आण. एलएम ३१७ गरम होतो का, डाग हलतो का, बोटाने तार हलवली की आकडा उडी मारतो का, सगळं बघ. मग स्विच बंद. पॉट परत खाली. कपॅसिटरचे पाय तारेने जोडून रिकामा झाल्याची खात्री कर. मग लोड काढ, डायोडला डाग दे, तांब्याची तार सोडव, भिंग भिंतीकडे कर, आणि मगच स्विच.

पॉट हळूहळू फिरव. सुरुवातीला भिंतीवर नुसता मंद तांबूस उजेड असेल. वीसच्या पुढे कुठेतरी, एका वळणात, तो एकदम उजळेल आणि त्यात दाणे दिसायला लागतील. तो आकडा वहीत लिही. तीच त्या डायोडची लेझर होण्याची सुरुवात, आणि प्रत्येक डायोडची वेगळी असते. अठ्ठावीस वर्षांत शेकडो बोर्ड पाहिले, पण ते दाणे पहिल्यांदा उमटताना बघायला मी आजही टेबलावर वाकते. तू बघशील तेव्हा फोन कर, मी वाट बघते आहे.

पिशवीत दोन डायोड मोकळे आहेत. तिसरा वेगळ्या डबीत आहे, डबीवर चिकटपट्टी लावली आहे. लोडवर मीटरचा आकडा दहा मिनिटं हलला नाही, की मगच ती पट्टी काढ.

तिळगूळ घे, आत्याला माफ कर.

तुझी,
आत्या